माडाखालची वल्लारै

माझे गाव तंजावर जिल्ह्यात, ओरत्तनाडूजवळ आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, पण झाडाझुडपांची नावे मात्र तमिळच. म्हणून वर्गात सर जिला मंडूकपर्णी म्हणतात, ती आमच्या घरची वल्लारै.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गजा चक्रीवादळ आले, तेव्हा मी लहान होतो. उजाडल्यावर पाहिले तर आमच्या बागेतले निम्म्याहून अधिक माड आडवे झाले होते. नवीन माड लावले तरी नारळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर प्रत्येक पावसात उघडी माती पाटात वाहून जाणार होती. अप्पा म्हणाले, "विकून टाकू." आजी म्हणाली, "आधी माती धरून ठेवू, मग विकायचे बघू."

तिने उभ्या राहिलेल्या माडांच्या सावलीतून सुरुवात केली. पाटाकडेच्या वल्लारैचे दोन-तीन पेऱ्यांचे, मुळे असलेले तुकडे काढले आणि ओल्या मातीत वीत-वीत अंतरावर लावले. पहिले दोन महिने हाताने तण काढले. पुढे वेलाने जमीन झाकली आणि तण आपोआप कमी झाले. नव्या माडांची सावली जशी पसरली, तशी तीही पुढे सरकली. कडक उन्हात आणि कोरड्या मातीत मात्र ती तग धरत नाही.

आमच्या ग्रंथालयातल्या बागकामाच्या पुस्तकात तैवानच्या डोंगरांतली, रासबेरीच्या कुळातली एक सरपटणारी वेल आहे. थंड प्रदेशात जमीन झाकायला ती लावतात. आमच्या उकाड्यात ती जगणार नाही, पण दोघींची रीत एकच: वेल जिथे मातीला टेकते, त्या पेऱ्याला मुळे फुटतात. मधला एक तुकडा तुटला तरी बाकीचे आपापल्या मुळांवर जगतात. मैदानावर सेक्शनने जागा धरून राहणे म्हणजे काय, हे मला यावरून नीट समजले.

बाग विकली नाही. नव्या माडांना आता नारळ लागले आहेत. आजी वल्लारैची चटणी करते, उरलेल्या जुड्या बाजारात जातात. पाने खुडताना ती मुळांना हात लावत नाही.

आपल्या बराकीमागे आंब्याखाली गवत टिकत नाही, पावसाळ्यात नुसता चिखल होतो. दिवाळीच्या सुट्टीहून येताना मी ओल्या फडक्यात तुकडे घेऊन येईन. रोज पाणी घालायला दोन कॅडेट हवे आहेत.