श्यामची गोष्ट श्यामनेच सांगितली

'श्यामची आई'तला मुलगा खरा होता. दापोली तालुक्यातल्या पालगडला 24 डिसेंबर 1899 रोजी यशोदाबाईंच्या पोटी जन्मलेला पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच पुढचे साने गुरुजी. पोहायला घाबरून लपून बसणारा, उमलायच्या आधीच कळ्या खुडणारा, धड पत्रावळ लावता न येणारा. हे सगळं आपल्याला कळलं, कारण त्याने ते स्वतः सांगायचं ठरवलं.

कधी ठरवलं, तेही बघण्यासारखं आहे. आई 1917 साली गेली तेव्हा तो पुण्यात शिकत होता. नूतन मराठी विद्यालयात. शेवटची भेट झाली नाही. ते दुःख त्याने पंधरा वर्षं मनात वागवलं आणि फेब्रुवारी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात, 9 ते 13 तारखेच्या पाच दिवसांत कागदावर उतरवलं. तेव्हा गुरुजी तेहेतीस वर्षांचे होते. कोणती चूक सांगायची, कुठे रडायचं, आईला कुठे उभं करायचं, हा निर्णय त्यांचा होता.

इंग्लंडातल्या ख्रिस्तोफर रॉबिनच्या वाट्याला हे आलं नाही. वडील ए. ए. मिल्न यांनी 1926 साली 'विनी द पू' लिहिलं आणि त्या गोष्टींतून सहा वर्षांचा मुलगा खऱ्या नावानिशी जगाचा झाला. पुढे वसतिगृहात मुलांनी त्याला त्यावरून छळलं. स्वतःची बाजू मांडणारं त्याचं पुस्तक आलं 1974 साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी! वडिलांचं प्रेम खोटं नव्हतं, पुस्तकही सुंदरच आहे. तरी मुलाला कुणी विचारलं नव्हतं.

वारज्यात आमच्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी मुलं खेळतात, तेव्हा हा फरक मला फार जाणवतो. कुणी पडून रडतं, कुणी बोबडं गाणं म्हणतं, आणि आईबाबांचा मोबाइल वर होतो. रात्रीपर्यंत ते रडणं शेकडो अनोळखी लोकांनी पाहिलेलं असतं. हेतू कौतुकाचाच असतो, हे मी जाणते. पण त्या रडण्याचा अर्थ लावायला त्या मुलाला अजून वीस वर्षं लागणार आहेत.

श्यामला ती वर्षं मिळाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीची मोळी उचलून दे, असं आईने सांगितलं होतं. ती आठवण त्याने आत जपली, पुस्तकात लिहिली, आणि मे 1947मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. लहानपणीचा एक प्रसंग माणसात इतका खोल मुरतो, तो असा वेळ मिळाला म्हणून.

तेव्हा आईबाबांनो, मुलांचे फोटो जरूर काढा, वहीत त्यांचे बोल लिहून ठेवा, आजीला दाखवा. बाकी जगाला काय सांगायचं, ते मोठं झाल्यावर त्यांनाच ठरवू द्या.