माप कुणाचं?

"त्याला 'डी' हवंय," मालाडच्या माइंडस्पेसमध्ये डबा खाता खाता मैत्रीण हळूच म्हणाली. आपण पडलो इंजिनिअर, आधी युनिट तपासणार! इम्प्लांट कपात नाही, सीसीत मोजतात. कपचं माप तर ब्रँडगणिक बदलतं. सर्जन आधी बघतात ती स्तनाची रुंदी आणि त्वचेची ताकद. रुंदीपेक्षा मोठं बसवलं तर कडा जाणवू शकतात, जड असलं तर त्वचा ओढली जाते. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं, पण आजही ते जन्मभर पुरेल याची खात्री नाही. पुन्हा ऑपरेशन आलंच तर टेबलावर 'तो' नसतो.

म्हटलं, १ सीसी म्हणजे १ मिली. तांदूळ मोजून दोन पिशव्या भर, ब्रात ठेव आणि मालाड ते चर्चगेट उभ्याने जा. मग त्याला नको, पाठीला विचार!