त्रिनिदादच्या रात्री, लेखांक ३ : गुहा, खुंट आणि धावपट्टी

बुधवार, फाल्गुन शुद्ध एकादशी. अरिमा खोरं

पोर्ट ऑफ स्पेनची गर्दी गेल्या लेखांकात मागे टाकली. आज अरिमा गाव ओलांडून गाडी उत्तरेच्या डोंगररांगेत शिरली. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, प्रत्येक वळणावर हॉर्न. दोन्ही अंगांना कोकोच्या जुन्या बागा. कोकोला सावली लागते म्हणून मळेवाल्यांनी इथे इमॉर्टेल नावाची उंच झाडं लावली. ती आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातली. मार्चच्या कोरड्या हवेत पानं गाळून नुसती नारिंगी झाली होती.

मुक्काम आसा राइट निसर्ग केंद्रात. पूर्वी हा कोको-कॉफीचा मळा होता. आसा राइट या मूळच्या आइसलंडच्या बाई त्याच्या मालकीण. १९६७ साली त्याचं निसर्ग केंद्र झालं. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात चहा घेऊन बसावं, तर हातभर अंतरावर हमिंगबर्डांची जुंपलेली. साखरपाण्याच्या बाटलीवर पांढऱ्या मानेचा जॅकोबिन दादागिरी करतो, आणि अंगठ्याएवढा टफ्टेड कॉकेट खालच्या झुडपातून गुपचूप आपला मध पिऊन घेतो.

मी इथे आले ती रात्रीच्या पाखरांसाठी, पण हमिंगबर्डांनाही वगळून चालणार नाही. जनुकांच्या अभ्यासाने रातवे, पोटू, ऑइलबर्ड, आपल्या सह्याद्रीतला बेडूकमुखी, पाकोळ्या आणि हमिंगबर्ड यांना एकाच मोठ्या वंशवृक्षावर आणून बसवलं आहे. त्यातल्या काहींनी दिवस घेतला, बाकीच्यांनी रात्र. रात्र घेणाऱ्यांनी तिच्याशी जमवून कसं घेतलं, हे पाहायचं आहे.

दुपारी आमच्या वाटाड्याने ओठ आवळून एकसुरी शीळ घातली. क्षणात सात-आठ चिमुकले पक्षी चिडून जवळ आले. ती शीळ इथल्या वीतभर पिंगळ्याची. या घुबडाला त्रिनिदादमध्ये ‘जंबी बर्ड’ म्हणतात. जंबी म्हणजे भूत. “माझी आजी हा आवाज आला की दार लावून घ्यायची,” वाटाड्या म्हणाला. त्याचे पूर्वज बिहारकडून ऊस तोडायला आलेले. भुताची भीती मात्र इथली उचललेली.

गुरुवार, द्वादशी. डन्स्टन गुहा

सकाळी दरीत उतरलो. पायऱ्या शेवाळलेल्या, शेवटचा टप्पा ओढ्यातून. डन्स्टन गुहा म्हणजे खडकाला पडलेली उंच, अरुंद भेग, तळातून पाणी वाहणारी. आत थोड्याथोड्यांनीच सोडतात. बोलायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, उजेड फक्त वाटाड्याच्या हातातल्या मंद विजेरीचा.

डोळ्यांआधी कान आणि नाक कामाला लागलं. किंचाळणं, घशातून खाकरल्यासारखी घरघर, मधूनच टकटक. आंबलेल्या फळांचा आणि विष्ठेचा दाट वास. मग विजेरीचा उजेड कपारीवर सरकला आणि तांबूस-तपकिरी पक्ष्यांची रांग दिसली. अंगावर पांढरे ठिपके, चोच घारीसारखी बाकदार, तिच्या मुळाशी राठ केस. डोळे लाल चमकले. एकाने पंख उघडले तेव्हा कळलं की हा प्रकार मोठा आहे. पंखांचा विस्तार जवळजवळ मीटरभर, वजन मात्र अर्ध्या किलोच्या आतच.

हाच ऑइलबर्ड. रात्री उडून फळांवर जगणारा जगातला एकमेव पक्षी. ताडकुळातली आणि दालचिनी-अॅव्होकॅडोच्या कुळातली फळं तो अखंड गिळतो, गर पचवतो आणि बी ओकून टाकतो. गुहेच्या तळाशी त्या बियांचा खच पडला होता. कित्येक रुजल्याही होत्या. लांबोडके, पांढुरके कोंब उजेड शोधत वर आलेले. त्यांना पानं धरायची संधी कधीच मिळणार नाही.

तेलकट फळांवर पिल्लं इतकी माजतात की उडण्याआधी त्यांचं वजन आईबापांच्या दीडपट भरतं. हेच त्यांच्या जिवावर आलं. समोर व्हेनेझुएलात कारिपेची प्रसिद्ध गुहा आहे. १७९९ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिथे गेला, तेव्हा स्थानिक लोक वर्षातून एकदा लांब काठ्यांनी घरटी पाडत, पिल्लांची चरबी वितळवून स्वयंपाकाचं तेल करत. गुहेच्या खोल भागात पूर्वजांचे आत्मे राहतात अशी त्यांची श्रद्धा असल्याने फार आत कुणी जात नसे. तिथली पाखरं त्या श्रद्धेने वाचवली. त्रिनिदादमध्येही पिल्लं खाल्ली जात. इथलं ऑइलबर्डचं जुनं नाव ‘दियाब्लोतँ’, म्हणजे छोटा सैतान.

टकटक आवाजाचं कोडं १९५३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ डोनल्ड ग्रिफिनने कारिपेत उलगडलं. पक्ष्यांच्या कानांत कापूस घातला तर ते अंधाऱ्या खोलीत भिंतींवर आपटले. कापूस काढला तर बिनधोक उडाले. दिवा लावला तर कापूस असूनही अडखळले नाहीत. म्हणजे अंधारात तो वटवाघळासारखा आपल्याच टकटकीच्या पडसादावरून वाट काढतो. वटवाघळाचा आवाज आपल्याला सहसा ऐकू येत नाही, ऑइलबर्डचा येतो. पक्ष्यांमध्ये ही विद्या त्याच्याखेरीज फक्त काही पाकोळ्यांना साधली आहे. त्यातल्या एका जातीची वस्ती आपल्या वेंगुर्ल्यासमोर समुद्रातल्या खडकांच्या गुहांमध्ये आहे.

मात्र हा पडसाद ढोबळ, त्याने भिंत कळते, फळ सापडत नाही. त्यासाठी नाक आणि डोळे. त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर एका चौरस मिलिमीटरमध्ये मंद उजेड टिपणाऱ्या सुमारे दहा लाख पेशी मोजल्या गेल्या आहेत, तीन थरांत रचलेल्या. म्हणजे कान गुहेसाठी, डोळे जंगलासाठी. व्हेनेझुएलात पक्ष्यांवर जीपीएस यंत्रं बसवली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. हे पक्षी रोज गुहेत परततच नाहीत, अनेकदा दिवसभर रानातल्या झाडांवर बसून राहतात. त्यामुळे बिया गुहेत वाया न जाता दूरदूर पडतात.

शुक्रवार, त्रयोदशी. कारोनी खाजण

डोंगर सोडून पश्चिम किनाऱ्यावरच्या खारफुटीत आलो. संध्याकाळी होड्या भरून लोक येतात ते लाल शराटीसाठी. हा इथला राष्ट्रीय पक्षी. थव्यामागून थवे बेटावर उतरतात आणि हिरवं झाड बघता बघता लाल होतं. ते दृश्य खरोखर बघण्यासारखं आहे. त्याचं वर्णन अनेकांनी केलं आहे, मी करत नाही.

माझं लक्ष वाटेतल्या एका मोडक्या फांदीवर होतं. नावाड्याने इंजिन बंद केलं, बोट दाखवलं. फांदी दिसली, पक्षी दिसेना. “टोकाकडे बघा, फांदी जिथे संपते तिथे.” फांदी जिथे संपत होती तिथून पुढे पोटू सुरू होत होता. सालीच्या रंगाचं अंग ताठ, चोच आभाळाकडे, डोळे मिटलेले. होडी प्रवाहाने चार हातांवर आली तरी पीस हललं नाही. पण तो आम्हाला पाहत होता. पोटूच्या वरच्या पापणीला बारीक खाचा असतात. डोळा मिटलेला असला तरी त्यांतून हालचाल कळते. मोठा पिवळा डोळा उघडला असता तर सोंग तिथेच फुटलं असतं.

घरटं तो बांधतच नाही. खुंटाच्या खळगीत एकच अंडं, आणि त्यावर आईबाप पाळीपाळीने असेच खुंट होऊन बसतात. ऑइलबर्डच्या घरट्याला गुहेचा आडोसा आहे. याला आडोसा स्वतःच व्हावं लागतं.

चांदण्यात तो सूर लावतो, एकेक पायरी उतरत जाणारा, करुण. त्यावरून बेटावर त्याला ‘पुअर मी वन’ म्हणतात, मी बिचारा एकटा. गंमत अशी की हेच नाव इथल्या चिमुकल्या रेशमी मुंगीखाऊलाही आहे. तोही झाडावर राहणारा आणि निशाचर. आवाज पोटूचा, पण गाणारा दिसत नसल्यामुळे लोकांनी तो मुंगीखाऊच्या नावावर जमा केला.

रविवार, पौर्णिमा. वॉलर फील्ड

आज इथला फगवा. सकाळी चौताल ही होळीची गाणी ऐकली, अबिराने गुलाबी होऊन परतलो. १८४५ पासून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून आलेल्यांनी होळी जपली, पंचांगही जपलं. मला त्याचा आयता फायदा झाला. पौर्णिमा हा रातव्यांचा दिवस.

वॉलर फील्ड हा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी विमानतळ. आता धावपट्ट्यांना भेगा पडल्यात, कडेने गवत आणि ताडाची बनं माजली आहेत. अंधार पडल्यावर गाडी संथ सोडली. दिव्यांच्या झोतात पुढे दोन नारिंगी निखारे चमकले. पौराक, इथला नेहमीचा रातवा. डांबरावर पोट टेकून बसलेला. गाडी अगदी जवळ गेली तेव्हा उडाला, पंखांवर पांढरा पट्टा झळकला, आणि वीस पावलांवर पुन्हा बसला.

दिवे विझवून थांबलो. चंद्र चांगला वर आला होता. मग पौराकचं काम दिसू लागलं. जमिनीवर बसायचं, वर आभाळाकडे बघायचं. उजळ आभाळावर पतंगाची किंवा भुंगेऱ्याची काळी आकृती सरकली की सरळ वर झेप, आणि पुन्हा खाली. इवलीशी चोच उघडली की जबडा कानापर्यंत फाकतो. म्हणून अमावास्येला रातव्याचे हाल. पोटासाठी त्याला चंद्र लागतो, नाहीतर संध्याकाळ-पहाटेचा संधिप्रकाश. जगात कित्येक रातवे चांदण्या रात्री जास्त बोलतात आणि जास्त शिकार करतात.

युरोपात शतकानुशतकं समजूत होती की हा पक्षी रात्री गोठ्यात शिरून शेळ्यांचं दूध पितो आणि त्या शेळ्या आंधळ्या होतात. रोमन लेखक प्लिनीनेही तसं लिहून ठेवलं. शेळ्यांभोवती किडे असतात, किड्यांमागे रातवा येतो, एवढाच मामला.

गुहेत उजेडाचं काम आवाज करतो, खारफुटीत सोंग निभावून नेतं, धावपट्टीवर चंद्र लागतो. ‘निशाचर’ या एकाच खात्यात टाकलेल्या या तिघांच्या रात्री इतक्या वेगळ्या आहेत. म्हणून त्यांचे धोकेही वेगळे. ऑइलबर्डला गुहेत घुसणारी माणसं नडतात, पोटूला तोडलेले वाळके खुंट, रातव्याला भरधाव गाड्या. ‘रात्र वाचवा’ असं मोघम म्हणून भागणार नाही; कुठली रात्र, हे विचारावं लागेल.

उद्या ईशान्य किनाऱ्यावर ग्रँड रिव्हिएर गाठायचं. लेदरबॅक कासवांचा हंगाम सुरू झाला आहे. माद्या अंडी घालायला बहुतेक रात्रीच वाळूवर येतात. किनाऱ्यावर जायचा परवाना काढला आहे, आणि विजेरीला लाल कागद चिकटवायचा बाकी आहे.