मळणीची घाई अन् डिझेलची कॅन



सोयाबीनची सोंगणी उरकत आली, आता थ्रेशर वावरात येतील. म्हणून आज डिझेल भरण्याबद्दल लिहितो. विषय लहान वाटंल, पण गंजी जळाली की कास्तकाराचं वर्ष जळते.

आभाळ भरून आलेलं, मजूर उभे, थ्रेशरवाल्याचा पुढचा नंबर ठरलेला. अशातच ट्रॅक्टरची टाकी तळाला जाते. मग एक जण चालू इंजिनावर कॅन कलंडतो, दुसरा नरसाळं धरतो. आमच्या शेजारच्या शिवारात असंच करताना डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं. खाली कुटार. गंजी वाचवता आली नाही. माणसं वाचली, एवढंच.

"डिझेल पेट घेत नाही" असं लय जण म्हणतात. पण आपल्या देशातल्या डिझेलचा ज्वलनांक किमान 35 अंश ठरवलेला आहे. म्हणजे एवढं तापल्यावर त्याच्या वाफेला ठिणगी पुरू शकते. दिवसभर चाललेल्या ट्रॅक्टरजवळ एवढी गरमी सहज असते. उन्हाळ्यात तर आपल्या संग्रामपूरकडं सावलीतही असते.

घाईत इंधन कसं भरावं हे मोटारीच्या शर्यतवाल्यांकडून शिकावं. फ्रान्सातली ले मान्सची शर्यत 24 तास चालते, टाकी कितीदा तरी भरावी लागते. तिथं भरताना इंजिन बंद, गाडीला अर्थिंग, अन् हात सोडला की व्हॉल्व्ह आपोआप बंद. फॉर्म्युला वनमध्ये यंत्रातून सेकंदाला 12 लिटरच्या आसपास इंधन जायचं. 1994 साली जर्मनीत हॉकेनहाईमला योस वर्स्टापेनच्या गाडीवर ते उडालं अन् क्षणात भडका झाला. 2010 पासून तिथं शर्यत चालू असताना इंधन भरणंच बंद केलं. परदेशातले हौशी शर्यतवाले घरीच जलद भरायच्या कॅन बनवतात. त्यांच्या कॅनला दोन वाटा असतात, एक इंधनाची अन् एक हवेची. खरी गोम तिथंच आहे. आपली कॅन बुडबुड करते कारण हवा अन् डिझेल एकाच तोंडातून ये-जा करतात.

आम्ही वावरात करतो ते असं :

1. लोखंडी ड्रम टाकीपेक्षा थोडा उंच, पक्क्या घोडीवर. लय उंच करून फायदा नाही. उंची दुप्पट केली तर धार दीडपटही वाढत नाही, पण नळी दुप्पट जाड घेतली तर चौपट वाढते. म्हणून अर्ध्या इंचाऐवजी एक इंची, डिझेलला चालणारी नळी.
2. ड्रमच्या वर हवेचं भोक, त्याला बारीक जाळी. भरताना टाकीचं तोंडही नळीनं पूर्ण दाबू नये.
3. तोटी तळापासून दोन इंच वर. पाणी अन् गाळ खाली राहतो. ड्रम आदल्या रात्रीच ठेवून द्यावा, सकाळी हलवू नये.
4. नळीच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह, अन् हात सतत त्याच्यावर. नळी सोडून बिडी पेटवायला जाणारा माणूस तिथं नको.
5. ड्रम अन् ट्रॅक्टरची चेसी तांब्याच्या तारेनं जोडावी. तार आधी, नळी मग.
6. ड्रम कुटारापासून लांब, वारा ज्या बाजूनं येतो तिकडं. बाजूला मातीनं भरलेली दोन घमेली.

फवारणी पंपाच्या पेट्रोलला हे जुगाड अजिबात वापरू नका. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते, अन् जड असल्यानं जमिनीलगत दूरवर सरकते. पंप पाठीवरून खाली घ्या, गार होऊ द्या, मग भरा.

अन् वेळ वाचवायचाच असंल तर टाकी रिकामी होऊ देऊ नका. लाईनीत हवा शिरली की ती काढण्यात भरण्यापेक्षा जास्त वेळ जातो. सकाळी एकदा अन् जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद करून एकदा भरलं, तर मधात थांबायचं काम पडत नाही.

तुमच्याकडं याहून साधी सोय असंल तर सांगा. मळणी सुखरूप होऊ द्या.