फुटामागे दीड सूत

लाकूड घ्यायला गेलं की 'फूट' या एकाच शब्दाचे तीन अर्थ होतात. पट्टी-बीडिंगचा फूट म्हणजे रनिंग फूट, फळीचा म्हणजे चौरस फूट, आणि सागवानाचा भाव सांगताना व्यापारी नुसतं 'फूट' म्हणाला तर तो घनफूट. कोण कुठला फूट बोलतोय हे पुढ्यात काय पडलंय त्यावरून कळतं. नवखा माणूस भाव ऐकून दचकतो, नाहीतर उगाच खूश होतो.

बाबांच्या हाताखाली मी आधी सुतळी धरायला शिकलो, रंधा नंतर. लठ्ठ्याच्या मधोमध सुतळी गुंडाळायची, गोलाई आली की तिच्या चार घड्या करायच्या. एक घडी म्हणजे चौरसाची एक बाजू. गोलाई 48 इंच असली तर घडी 12 इंचांची, आणि लठ्ठा दहा फुटी असला तर माल दहा घनफूट. भूमितीने काढलं तर तोच लठ्ठा पावणेतेराच्या आसपास भरतो. पण सालपी आणि भुसा यांत जे जायचं ते या चार घड्यांनी आधीच सोडून दिलेलं असतं. इंग्लंडात हॉपस नावाच्या माणसाने 1736 साली याच हिशेबाची तयार कोष्टकं छापली होती. बाबांना त्याचं नाव माहीत नव्हतं, सुतळी माहीत होती.

गोलाईत तोटा झाला तर तो पैशाचा असतो. लांबीत झाला तर काम अडतं. हे मी गडचांदूरला शिकलो, सिमेंट कारखान्यातल्या एका कामगाराच्या घराच्या पाच चौकटी करताना. नकाशात दाराची उंची 2.10 लिहिलेली. इंजिनिअर मीटरमध्ये लिहितो, गवंडी फुटात बोलतो आणि मी सुतात कापतो. मीटरचा कायदा 1956 चा आहे, पण तो आमच्या जिभेवर अजून यायचाय. व्यापाऱ्याकडे पाच बाय तीनचे, मीटरने दोन दहा लांबीचे उभे नग काढून ठेवलेले होते. तो म्हणाला, "दोन दहा म्हणजे सातच फूट होते ना जी, मिस्त्री." मी मान डोलावली. टेप खिशात होता, तो खिशातच राहिला.

तीस सेंटीमीटर म्हणजे फूट नव्हे. फुटाला दीड सूत कमी पडतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, डोळ्याला धड दिसतही नाही. पण सात फुटांत ते साडेदहा सूत होतं, म्हणजे एक इंच अडीच सूत. चौकटीचा पाय दीड इंच फरशीखाली जाणार होता. वर कुसू साळीत नीट बसला, आणि खाली पाय अधांतरी. पैशात धरलं तर दहा नगांत मिळून जेमतेम तेरा इंच लाकूड कमी. घनफुटाच्या बिलात ते कुठे दिसणारही नाही. पण पाच चौकटींच्या दहा पायांखाली गवंड्याने चिपा लावल्या, तेव्हा घरमालक काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

2023 साली बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान निघालं, तेव्हा गावोगावी त्याचं कौतुक झालं. मला मात्र उगाच वाटून गेलं, तिथल्या मिस्त्रीने लांबी कशात मागितली असेल?

आता मी 'सात फुटी' म्हणतच नाही. 'सव्वासात भरून द्या' म्हणतो, आणि बांबूची एक काठी सोबत नेतो. तिच्यावर सात, सव्वासात, साडेसात अशा खाचा आहेत. काठी नगाला लावली की मीटर-फुटाचं भांडणच उरत नाही. व्यापारी हसतो. हसू दे.

परवा पोरगा टेप लावून ओरडला, "दोन पंचवीस!"

"फुटात सांग."

तो बोटं मोजत बसला. "सात फूट... चार इंच... पाच सूत, बाबा. काठीच लावू का?"

म्हटलं, लाव.