उंबऱ्याबाहेरचं पाणी

‘साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.’ लातूर-नांदेडकडे एखाद्या घराविषयी कुणी असं म्हणालं, की पुढे त्या घराबद्दल बोलण्यासारखं फारसं उरत नाही. जेवायला थांबवलं नाही, उसने पैसे दिले नाहीत, लग्नाला आले नाहीत, या सगळ्याला कारणं असू शकतात आणि लोक ती ऐकूनही घेतात. पाण्याच्या बाबतीत कारण चालत नाही. पाण्याचा तांब्या माणसाला जन्मभर सोबत करतो. नुकत्याच चालू लागलेल्या पोराला घरातलं पहिलं काम सांगतात ते पाहुण्याला पाणी नेऊन देण्याचं. दोन्ही हातांनी धरलेला, वाटेत निम्मा सांडलेला तो तांब्या हा माणुसकीचा पहिला धडा असतो. पुढे कळतं, की उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवावा. रानात माणसं कामाला लावली, की घागर बांधावरच्या कुठल्या झाडाखाली दिवसभर सावलीत राहील हे कळतं. मग म्हातारपणी उशाशी ठेवलेला तांब्या, आणि शेवटी कुणीतरी ओठांत सोडलेले दोन थेंब. दया हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरत नाही, तो कीर्तनासाठी राखून ठेवलेला असतो. पण या मुलखातल्या माणसांना दया कळली असेल, तर ती पाण्यातूनच कळली आहे.

तरी पाणी विचारणं ही दयेची पहिली पायरी झाली. विचारायला माणूस दारात यावा लागतो, तो आपल्याला दिसावा लागतो, आणि त्याला पाणी विचारण्याजोगा आपण मानावा लागतो. गॅसची टाकी खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवणारा, कचरा वेचत गल्लीतून जाणारी बाई, पार्सल देऊन पुढच्या पत्त्याकडे पळणारा पोरगा यांच्यापैकी किती जणांना आपण विचारतो? आणि विचारलं तरी ते संकोचाने ‘नको’ म्हणतात. म्हणून विचारण्याहून ठेवणं मोठं. दाराबाहेर, ज्याला हवं त्याने, माणसाने किंवा मुक्या जिवाने, घ्यावं अशा जागी, मागायला न लावता ठेवलेलं पाणी. ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात त्याने नद्यांच्या दोन्ही काठांवर प्रपा उभारल्याची नोंद आहे. प्रपा म्हणजे आपली पाणपोई. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीतही वाटसरू आणि त्याला पाणी घालणारी प्रपापालिका भेटते. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षं गोदावरीच्या या प्रदेशात वाटेवर पाणी ठेवणं हे पुण्याचं काम मानलं गेलं, आणि ते दगडावर कोरून ठेवावं इतकं महत्त्वाचं मानलं गेलं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सगळ्यांत खरा आहे. याच पुण्यवान मुलखात पाण्याने माणसाचा जितका अपमान केला तितका दुसऱ्या कशानेही केला नाही. पाणवठे वेगळे होते. काहींना पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं, भांड्याला हात लागू नये म्हणून. ओतणाऱ्याला आपण दया केली असं वाटत असेलही, पण ओंजळ धरून वाकलेल्याला काय वाटत असेल? जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले. दोन्ही घटनांत पाणी तेच होतं, बदलला तो ते घेण्याचा हक्क. त्यामुळे पाणपोईची परंपरा सांगताना मान ताठ करून सांगता येत नाही. पण या आक्षेपातूनच कसोटी मिळते. घेणाऱ्याला वाकावं लागत असेल, मागावं लागत असेल, कोण आहेस ते सांगावं लागत असेल, तर ते दान असेल, माणुसकी नव्हे. घरकामाच्या बाईसाठी वेगळा पेला ठेवणारी घरं आजही आहेत. त्यांनी अंगणात कितीही मोठा रांजण ठेवला तरी तो रिकामाच. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणी जात विचारत नाही, सगळे एका पंगतीत जमिनीवर बसतात. आपल्या दारच्या रांजणाने शिकावं ते तिथून.

दुसरा आक्षेप लातूरकर घेतील, आणि त्यांना तो अधिकार आहे. जिथे माणसालाच पाणी नाही तिथे चिमणीसाठी वाटी भरून ठेवणं ही चैन नाही का? 2016 चा उन्हाळा लातूर विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून दहा टाक्यांची पहिली रेल्वे सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन आली आणि पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. पण तंगीची मोजदाद लिटरमध्येच करून पाहू. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पसरट मातीच्या भांड्यात अर्धा-पाऊण लिटर पाणी मावतं. एका बादलीच्या अंघोळीत वीस लिटर जातं. चिमणीच्या वाटीने लातूर तहानलं नाही. ते तहानलं ते पाऊस न झाल्याने, आणि त्याहून जास्त वर्षभर शेतात उभं राहून पाणी पिणाऱ्या उसाने. हे बोलायला अवघड आहे, कारण त्याच उसावर अनेकांची घरं उभी आहेत. तरीही तंगीचा बोजा आधी मुक्या जिवाच्या वाटीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पैठणच्या एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी नेत असलेलं कावडीतलं पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते पाणी मुबलक नव्हतं, शेकडो कोस खांद्यावरून आणलेलं होतं आणि देवासाठी राखलेलं होतं. कथा मराठवाड्याच्या मनात घर करून राहिली ती त्यामुळेच.

जनावरांशी आपलं नातं इथे तसं जुनं आणि कामाचं आहे. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांची नावंच लातूर-नांदेडच्या गावांवरून पडली आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. हे प्रेम खोटं नाही. पण ते वर्षातून दोन दिवसांचं आहे, आणि बैल उरलेल्या दिवसांतही राबतो. भारवाही जनावरांसाठी 1965 पासून केंद्राचे नियम आहेत: तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जनावराला गाडीला जुंपायचं नाही, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त कामाला लावायचं नाही. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा 37 च्या खाली क्वचितच असतो. म्हणजे नियम पाळायचा तर त्या दोन महिन्यांत जवळजवळ रोज तीन तास गाडी सावलीत सोडावी लागेल. गाडीवानाची मजुरी त्यात बुडेल हे खरं आहे, त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. ज्याचा माल गाडीत आहे त्याने वेळ पहाटेची ठरवली, तर बैलही वाचेल आणि गाडीवानही. दया दाखवायची ती इथे, आणि ती व्यापाऱ्याने दाखवायची.

राहिली दाराबाहेर पाणी ठेवलं की होणारी भटक्या कुत्र्यांची आणि डासांची तक्रार. डासांचं उत्तर सोपं आहे: भांडं रोज पालथं करून, घासून भरायचं. कुत्र्यांचं तितकं सोपं नाही. चावलेल्या पोराच्या आईला भूतदया ऐकवण्याचा अधिकार कुणालाच नाही. नसबंदी आणि लस हे नगरपालिकेचं काम आहे आणि ते तिच्याकडून करून घेतलं पाहिजे. पण तहानलेलं ठेवल्याने कुत्रं शहाणं होत नाही. आणि पाण्याला लायक कोण हे ठरवत बसलं, तर यादी लहान होत जाते. शीख परंपरा भाई घनैयाची गोष्ट सांगते: आनंदपूरच्या लढाईत तो शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत होता. तक्रार गुरू गोविंदसिंगांपर्यंत गेली, तेव्हा त्यांनी त्याला अडवलं नाही, वर जखमांना लावायला मलमही दिलं. त्या गुरूंनी 1708 मध्ये नांदेडला देह ठेवला. ही गोष्ट आता आपल्याही गावची आहे.

तेव्हा गुढी उतरली की दाराबाहेर सावलीत रांजण मांडा. पेला घरातलाच ठेवा, वेगळा नको. रांजणाखाली एक पसरट भांडं असू द्या, म्हणजे सांडलेलं पाणी गाईला, कुत्र्याला, चिमणीला मिळेल. मृग लागेपर्यंत ती दोन्ही कोरडी पडू देऊ नका.