सतरा नंबरची खोली

परवा आमच्या बी. ए. च्या पंधरा मुलांना घेऊन पुण्यास गेलो होतो. फर्ग्युसनच्या वसतिगृहातील सतरा नंबरची खोली बंद होती. तेव्हा दाराशीच उभे राहून मी माझे व्याख्यान उरकले. १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल या खोलीतल्या सावरकरांना प्राचार्य परांजप्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले, असे सांगताच मुले हसली. दहा रुपये! मग मी म्हटले, "अरे, गोखल्यांसारख्या प्राध्यापकाला इथे महिना ७५ रुपये मिळत." हसू जरा ओसरले. दंड करणारे परांजपेही परके नव्हेत. याच कॉलेजचे विद्यार्थी, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले.

आम्ही असे काही पेटवले नाही. १९९८ च्या सुमारास मी दुसऱ्या एका गावी वसतिगृहात होतो. आमचे बंड चहापुरते. कॉटखाली बादली, बादलीत विजेची कॉइल, वर टॉवेल. रात्री दहाला फाटक बंद. त्याआधी एसटीडीच्या बूथवर रांग लागे, कारण उशिरा दर उतरत आणि घरी फोन करण्याचे धैर्य येई. एकदा रेक्टर अचानक आत आले. कॉइल जप्त केली, पण तीवर झालेला चहा आधी प्याले आणि म्हणाले, "साखर कमी आहे." दंड मात्र पुरा घेतला हो!

आता कॉइल कुणी लपवीत नाही. खाणे फाटकापर्यंत चालत येते, आई दिवसातून चारदा फोनवर दिसते. नियम उरला आहे तो पाऊणपट हजेरीचा. मुले यंत्रावर अंगठा टेकवतात, संगणक बेरीज करतो, पंचाहत्तर टक्क्यांखालच्यांची यादी माझ्या टेबलावर येते. मी सही करतो. गेली तीन वर्षे केली. यादीतल्या एकालाही समोर बोलावले नाही.

या खेपेच्या यादीतला एक जण आमच्याबरोबर होता. एकसष्ट टक्के. 'वैशाली'त इडली खाताना त्याच्या हातावरचे ओरखडे दिसले, म्हणून सहज विचारले. रात्री एका गोदामात पार्सलांच्या थप्प्या लावतो. पहाटे सहाला सुटतो, म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "सर, परांजप्यांनी सावरकरांना आधी बोलावून घेतलं असेल ना?"

मला उत्तर सुचेना. कॉफी आली होती, ती ढवळत बसलो. यादी सोमवारी दुपारी ऑफिसात द्यायची होती.

"सोमवारी दहाला मला येऊन भेट," मी म्हटले.

"दहाला तुमचा तास असतो, सर."